पेठेतील बाजारहाट : मापाचा आणि मोलाचा इतिहास



सदाशिव पेठेतील गृहस्थाच्या काटकसरीविषयी महाराष्ट्रात जितके विनोद प्रचलित आहेत, तितके दुसऱ्या एखाद्या वस्तीच्या वाट्यास क्वचितच आले असतील. पै-पैचा हिशेब मागणारा, तराजूच्या काट्यावर नजर रोखून उभा राहणारा आणि खानावळीत आमटी पातळ झाल्याचे तोंडावर सांगणारा असा हा गृहस्थ आहे. विनोदाचा भाग वजा केला, तरी एक प्रश्न उरतोच. आपल्या कष्टाच्या रुपयाचा पुरेपूर मोबदला मनुष्याला कसा मिळतो? वाण्याकडे घासाघीस करून मिळतो, की स्वस्त दुकान हुडकून मिळतो? चाळीस वर्षे मुलांना हिशेब शिकविण्यात गेल्यामुळे या प्रश्नाकडे मी काहीसा गणिताच्या आणि काहीसा इतिहासाच्या अंगाने पाहतो. इतिहासाची साक्ष अशी आहे, की रास्त मोल एकट्याच्या चतुराईने फार थोडे मिळाले. ते मुख्यतः दोन गोष्टींनी मिळाले. पहिली, घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सारखेच दिसणारे माप; आणि दुसरी, घेणाऱ्यांची एकजूट. आज याच दोन गोष्टींचा मागोवा घ्यावयाचा आहे.

आपली पेठ थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७६९ साली वसली आणि पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव तिला मिळाले. त्या काळी शहराच्या बाजारावर कोतवालाची देखरेख असे. चोर-दरवडेखोरांचा बंदोबस्त हे त्याचे काम होतेच. परंतु वजने-मापे तपासणे आणि जिनसांच्या भावावर लक्ष ठेवणे हेही त्याच्याच चावडीचे काम होते. ही कल्पना मुळीच नवी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांचा स्वतंत्र अधिकारी सांगितलेला आहे. त्याचे नाव पौतवाध्यक्ष. दर चार महिन्यांनी मापे तपासून त्यांवर शिक्का करावा आणि शिक्का नसलेले माप वापरणारास दंड करावा, असा त्यात दंडक आहे. राज्यकर्त्याने बाजारात लक्ष घालावयाचे ते प्रथम मापापासून, हे इतक्या जुन्या काळी ओळखले गेले होते.

मापाला एवढे महत्त्व का, हे आजच्या तरुण श्रोत्यांना सहज ध्यानात येणार नाही. आपल्याकडे धान्य तोलून न घेता मापून घेत असत. आमच्या वडिलांच्या पिढीला ते कोष्टक तोंडपाठ होते. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली, सोळा पायल्यांचा एक मण आणि वीस मणांची एक खंडी. कोष्टक कसे सुरेख, दुपटी-दुपटीने चढत जाणारे! परंतु व्यवहारात त्यात पळवाटा पुष्कळ. माप शीग लावून भरले तर एक, आणि वरून हात फिरवून सपाट केले तर दुसरे. धान्य अलगद सोडले तर कमी मावे, माप हलवून भरले तर जास्त मावे. धान्य विकत घेताना शिगेचे माप आणि तेच धान्य विकताना सपाट माप, असे करणाऱ्या व्यापाऱ्याने एकही खोटा शब्द न बोलता नफा काढलेला असे. शिवाय गावोगावचा शेर वेगळा. एका गावच्या पायलीचे दुसऱ्या गावी नेऊन काय होईल, याचा भरवसा नसे. तराजूची गोष्ट याहून निराळी नव्हती. दोन पारड्यांतील फरक काढण्यासाठी हलक्या बाजूस जो पासंग बांधतात, तोच अनेकदा फसवणुकीचे साधन होई. ‘दांडी मारणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगीच आलेला नाही.

अशा बाजारात चतुर गिऱ्हाईक काय करी? भावात घासाघीस करी. शेरामागे एक पैसा कमी करून घेतल्याचे समाधान घेऊन ते घरी जाई. वाण्याने तो पैसा मापात वसूल केलेला असे. भाव ऐकू येतो, माप मात्र पाहावे लागते. म्हणून भावात जिंकून मापात हरणारे गिऱ्हाईक हे प्रत्येक काळात बहुसंख्य राहिले आहे. माझ्या मते आपल्या विषयाचे अर्धे मर्म एवढ्यात आले.

आता पेठेच्या सीमेवरून जरा शुक्रवार पेठेत डोकावू. पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यापुढील उघड्या मैदानात भरत असे. त्याला छप्पर मिळाले ते १८८६ साली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ उघडले गेले. मध्ये उंच अष्टकोनी मनोरा आणि सभोवार पसरलेल्या ओट्यांच्या ओळी अशी ती भव्य वास्तू आहे. या बांधकामाला नगरपालिकेत एका सभासदाने विरोध केला होता. गावच्या गरिबांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष होत असता मंडईवर एवढा खर्च कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. ते सभासद म्हणजे महात्मा जोतीराव फुले. कालांतराने आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने याच वास्तूस महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. या योगायोगाचे अनेकांस नवल वाटते. मला मात्र त्यात एक बोध दिसतो. जोतीरावांचा प्रश्न भाजी स्वस्त की महाग हा नव्हता. सार्वजनिक पैशाचे मोल कोणाच्या पदरात पडते, हा होता. तो प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. तथापि मंडईने गिऱ्हाइकाचे एक हित निश्चित केले. एकाच छपराखाली, समोरासमोर, तीच भाजी विकणारे अनेक गाळे आले आणि दर ताडून पाहणे सोपे झाले. मंडईत एक फेरी मारून मगच पिशवी उघडावी, हा पुणेरी गृहिणीचा शिरस्ता याच रचनेतून पडला असावा.

बाजारातून आता पानावर येऊ. घराबाहेर पैसे देऊन जेवणे ही गोष्ट आपल्या समाजात फार जुनी नाही. शिकण्यासाठी पुण्यास आलेल्या गरीब ब्राह्मण मुलासमोर दोन वाटा असत. वार लावून जेवणे किंवा माधुकरी मागणे. आठवड्याचे सात वार सात घरी. एखादे घर न मिळाले तर त्या वारी उपास. १९०९ साली सदाशिव पेठेत स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुले माधुकरीवरच शिकली. तीच संस्था आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून प्रसिद्ध आहे. हे अन्न विनामूल्य होते असे आपण म्हणतो. परंतु झोळी पुढे करताना जो संकोच गिळावा लागे, त्याची किंमत कोणत्या वहीत लिहिली गेली? आणि ही वाट तरी कोणाला खुली होती? ब्राह्मणेतर मुलांना ती बंदच होती. त्यांच्यासाठी वेगळे प्रयत्न झाले. १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एका पंक्तीस बसत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. एका पंक्तीचे मोल असेही असते.

बाहेर खाण्याचा विटाळ किती होता, याचे प्रसिद्ध उदाहरण पुण्याचेच आहे. १८९० साली पंचहौद मिशनमधील सभेत चहा-बिस्किटे पुढे आली आणि त्यावरून उठलेल्या वादळात न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रकरणास तोंड द्यावे लागले. ज्या गावात चहाच्या एका पेल्यावरून ग्रामण्य माजले, त्याच गावात पुढील अर्धशतकात खानावळी आणि उपाहारगृहे नांदू लागली. १९३५ साली मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस काढले. टिळक रस्त्यावरील बादशाही बोर्डिंगचे नाव विद्यार्थ्यांच्या आणि नोकरदारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी राहिले.

खानावळीचा करार हा हिशेबाच्या दृष्टीने मोठा मौजेचा विषय आहे. महिन्याचा दर ठरलेला आणि बहुधा आगाऊ दिलेला असे. ताट पोटभर. सणाला गोड पदार्थ. पाहुण्याचे ताट वेगळे मोजले जाई. मेंबर गावी गेला, तर ‘खाडे’ धरून पैसे वजा होत; मात्र आधी कळविले पाहिजे आणि काही दिवस सलग गैरहजेरी पाहिजे, असा बहुतेक ठिकाणी नियम असे. आता यात कोणाला काय परवडले? व्यायाम करणारा, आठ पोळ्या खाणारा विद्यार्थी आणि तीन पोळ्यांवर हात धुणारा कारकून यांचा दर एकच असे. याचा अर्थ कारकून विद्यार्थ्याच्या पोळ्यांचा थोडा भार उचलीत होता. तरीही कारकून खानावळ सोडीत नसे. कारण त्याला वेळेवर, ताजे आणि रोज ठरलेले अन्न मिळे, आणि तेच त्याच्या रुपयाचे मोल होते. पुढे ‘राईस प्लेट’ आली, वाट्या ठरल्या, जादा पोळीला जादा दाम आला. प्रत्येकाने आपल्यापुरते द्यावे, हा न्याय त्यात आला खरा. पण ‘आणखी थोडे घ्या’ हे शब्द पंक्तीतून गेले. दोहोंत श्रेष्ठ कोणते, हे मी ठरवीत नाही. एवढेच म्हणतो, की जेवणारास आपण कोणत्या करारावर बसलो आहोत हे पाट मांडण्यापूर्वी माहीत असावे.

या करारात एक पक्ष नेहमी पडद्याआड राहिला, तो म्हणजे रांधणाऱ्या हातांचा. आपल्याकडील कितीतरी खानावळी विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांनी चालविल्या. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांचे पोट अशा बायकांच्या चुलीवर चालले. सावकाराच्या कर्जाने धान्य आणायचे, महिनाभर रांधून घालायचे आणि कामगाराचा पगार होईपर्यंत थांबायचे. मध्ये व्याज मात्र चालूच. त्या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे आणि त्यांची संघटना व्हावी, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. स्वस्त ताटाचे कौतुक करताना हे स्मरावे. कोणाच्या तरी फुकटच्या श्रमातून किंवा व्याजाच्या फासातून निघालेले स्वस्त हे खरे स्वस्त नव्हे. त्याचे बिल दुसऱ्याने भरलेले असते, एवढेच.

येथवर मापाची आणि कराराची गोष्ट झाली. आता एकजुटीची. येथे थोडे इंग्लंडात जावे लागेल. कारण गिऱ्हाइकांच्या संघटित दुकानाचा पायंडा तेथील रॉचडेल या गावी पडला. १८४४ सालच्या डिसेंबरात तेथील गरीब विणकर आणि इतर कारागीर, एकूण अठ्ठावीस जण, यांनी वर्गणी काढून छोटेसे दुकान उघडले. विकावयास जिन्नस तरी काय? लोणी, साखर, पीठ आणि मेणबत्त्या यांसारखे थोडेसेच. परंतु त्यांचे दंडक अमोल होते. भेसळ नाही, मापात कसूर नाही, उधारी नाही आणि वर्षअखेर नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्यालाच परत. भाव बाजारभावाइतकाच ठेवावा, असा त्यांचा कटाक्ष होता. गिऱ्हाइकाचे हित त्यांनी भाव पाडण्यात न शोधता चोख मालात आणि नफ्याच्या वाट्यात शोधले. हिंदुस्थानात अशी पहिली मोठी सहकारी ग्राहक संस्था १९०४ साली मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात निघाली. महाराष्ट्रात मुंबईच्या नायगावातील कामगारांनी १९४८ साली जे बीज लावले, त्याचाच ‘अपना बाजार’ झाला.

त्यानंतर आले १९७२ चे साल. ज्या श्रोत्यांनी तो दुष्काळ पाहिला, त्यांना तांबडी मिलो ज्वारी विसरता येणार नाही. धान्य, तेल, साखर सारेच दुर्मिळ आणि महाग झाले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. महागाई पुढील दोन वर्षे वाढतच गेली. या पार्श्वभूमीवर १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढील वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके यांचाही हात होता. या चळवळीची पद्धत साधी आहे. आळीतील काही कुटुंबांनी एक गट करावा. महिन्याच्या जिनसांची यादी एकत्र करावी, माल ठोक भावाने मागवावा आणि आळीपाळीने एकेकाच्या घरी वाटप करावे. दुकानाचे भाडे नाही, जाहिरात नाही, नोकर नाही. तो सारा खर्च वाचतो तो कुटुंबांच्या श्रमातून. पण याहून मोठा लाभ निराळाच. दहा घरांनी मिळून डाळ आणली, की ती डाळ दहा जोडी डोळ्यांखालून जाते. एकट्या गिऱ्हाइकाला खडे दाखविले तर वाणी म्हणेल, नको तर घेऊ नका. शंभर घरांना तसे म्हणण्यापूर्वी तो विचार करील. याच विचारातून सदाशिव पेठेत, टिळक रस्त्यावर, ‘ग्राहक पेठ’ हे दुकान उभे राहिले. पेठेच्या चोखंदळपणास संस्थेचे रूप मिळाले, ते असे.

कायदा या चळवळीच्या कधी पुढे, कधी मागे चालला. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १९५७ च्या एप्रिलमध्ये दशमान नाणी आली आणि १९६२ पासून देशभर किलोग्रॅमचे वजन सक्तीचे झाले. त्या संधिकाळातील हिशेब पाहा. सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे. म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. पाव पैशाचे नाणे नाही, म्हणून आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असे कोष्टक ठरले. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. शेराचाच भाव किलोस लावला तर गिऱ्हाइकाचा लाभ, आणि ‘किलो मोठा’ म्हणून वाजवीहून अधिक भाव वाढविला तर वाण्याचा. शेराला चौदा आणे भाव असेल, तर किलोला पंधरा आणे वाजवी होत, सोळा नव्हेत. ज्याने हे गणित केले, तो वाचला.

पुढे बंद पुड्यांचे युग आले. १९७७ च्या नियमांनी पुडीवर वजन आणि किंमत छापणे बंधनकारक झाले. १९९० पासून सर्व करांसह कमाल किंमत छापावी लागू लागली. येथे ‘कमाल’ हा शब्द ध्यानात घ्यावा. छापलेली किंमत ही वरची मर्यादा आहे, त्याहून कमीत विकण्यास कोणाचीही मनाई नाही. १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आला. आता ग्राहक आपण राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करू शकतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारीचे शुल्क पडत नाही. उपाहारगृहांपुरते दोन निर्णय सांगण्याजोगे आहेत. बाटलीबंद पाणी उपाहारगृहात बसून घेतले, तर छापील किमतीहून अधिक आकार लावण्यास मुभा आहे, कारण तेथे पाण्याबरोबर सेवाही असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले. उलट, बिलात परस्पर सेवाशुल्क घालण्यास मनाई करणाऱ्या ग्राहक प्राधिकरणाच्या सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये योग्य ठरविल्या. तात्पर्य, दरपत्रक बसण्यापूर्वी वाचावे आणि बिल उठण्यापूर्वी.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती २०२१ ची एक लहानशी दुरुस्ती, जिची चर्चा फारशी झाली नाही. पूर्वी चहा, बिस्किटे, तेल, पीठ अशा काही जिनसांच्या पुड्या ठराविक वजनांतच भराव्या लागत. ते बंधन त्या दुरुस्तीने उठले. आणि त्याच्या बदल्यात पुडीवर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापण्याचे बंधन आले. म्हणजे पुडी ४५० ग्रॅमचीही असू शकते आणि ४७० ग्रॅमचीही. समजा, एक पुडी ९० रुपयांना ४५० ग्रॅमची आहे आणि शेजारची ९५ रुपयांना ५०० ग्रॅमची. डोळ्यांना पहिली स्वस्त दिसते. हिशेब केला तर पहिलीचा भाव किलोला २०० आणि दुसरीचा १९०. भाव तोच ठेवून पुडी हळूच लहान करणे ही आजची शीग आणि आजचा पासंग आहे. पेशवाईतल्या गिऱ्हाइकाने मापावर हात फिरविणाऱ्याकडे पाहावे, तसे आपण त्या बारीक अक्षरांकडे पाहिले पाहिजे.

याबरोबर काही जुन्या वहिवाटी पाळाव्यात. महिन्याची यादी घरी करून जावी. भुकेल्या पोटी बाजारास जाऊ नये. टिकाऊ जिन्नस हंगामात आणि शक्य तर चार घरांनी मिळून घ्यावा. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत होऊ देऊ नये. दहा रुपये वाचविण्यासाठी वीस रुपयांचे पेट्रोल जाळणारे सद्गृहस्थ प्रत्येक आळीत आहेत. जेथे माप कारखान्यात ठरते, तेथे डोळ्यांत तेल घालून पाहावे. परंतु मंडईच्या पायरीवर कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन बसलेल्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नये. तिच्याकडे लपविण्याजोगे माप नाही. जुडी उघडी पडलेली आहे.

सदाशिव पेठेच्या चोखंदळपणाला लोक हसतात, खुशाल हसोत. ज्या कोणी पहिल्यांदा शिगेचे माप मागितले, ज्या कोणी बिलातील बेरीज पुन्हा केली, त्याने स्वतःपुरते चार पैसे वाचविले हे खरे. पण त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या, हिशेब न येणाऱ्या माणसालाही त्याने पूर्ण माप मिळवून दिले. ज्या दुकानात एकजण माप पाहतो, तेथे सर्वांनाच माप पुरे मिळू लागते. यास्तव पाहणाऱ्यांची संख्या वाढावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.